रोह्यात, पेणमध्ये, अलिबागला

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवर एके काळी तेलाचे घाणे चालवणारा एक समाज राहत होता. शनिवारी हे लोक घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. हे बेने इस्रायली, कोकणातले ज्यू. पूर्वजांचं जहाज नवगावजवळ फुटलं आणि वाचलेली माणसं इथेच राहिली, अशी त्यांची परंपरा सांगते. बोली मराठी झाली, आडनावं गावांवरून पडली: रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमचे केहिमकर. १९४८मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. आज लोद, अश्दोद, दिमोना इथे त्यांची नातवंडं हिब्रूत शिकतात. जुन्या पिढीतली माणसं अजून मराठी वाचतात; ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही तिथून निघालं.

समजा, या आडनावांमागच्या गावांची माहिती देणारी एक लहानशी वेबसाइट तुम्हाला करायची आहे. प्रत्येक गावाला एक पान. त्यावर जुने फोटो, तिथून गेलेल्या कुटुंबांची नावं, आसपास सिनॅगॉग असेल तर ते कुठे आहे आणि किल्ली कोणाकडे असते, एवढी माहिती. वाचणारे तीन प्रकारचे: मराठी वाचणारे, हिब्रू वाचणारे आणि या दोन्ही भाषा न येणारे, म्हणून इंग्रजी वाचणारे.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं आहे. नुसती मराठी-इंग्रजी साइट केली, तर नवशिक्याच्या बऱ्याच चुका झाकलेल्या राहतात, कारण दोन्ही भाषा डावीकडून उजवीकडे जातात आणि दोन्हींत एकवचन-अनेकवचनावर भागतं. हिब्रू आली की या सगळ्या समजुती उघड्या पडतात. सर्वसाधारण रीत अशी असते की आधी साइट इंग्रजीत पूर्ण करायची आणि शेवटच्या आठवड्यात मजकूर भाषांतराला पाठवायचा. या रीतीत भाषांतर चांगलं झालं तरी साइट वाईट होऊ शकते. कसं, ते पुढे येईलच. (कोडमधले शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत; कोडमध्ये ते अर्थातच रोमन अक्षरांत लिहायचे.)

आधी अक्षरांचं बघू. १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही बरीच वर्षं मराठी डीटीपी शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांवर चाललं. जुन्या पद्धतीच्या या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असत. फाइलमध्ये खरं तर रोमन अक्षरंच साठवलेली; फॉन्ट काढून घेतला की मागे निरर्थक रोमन अक्षरांची रास उरे. सुरुवातीच्या काळात काही मराठी वर्तमानपत्रांच्या साइट वाचायच्या तर आधी त्यांचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तुमच्या साइटसाठी कोणी जुन्या स्मरणिकेतला मजकूर देईल, तो हमखास अशाच फॉन्टातला असेल. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि बदलल्यावर मुळाशी ताडून वाचायचा, कारण जोडाक्षरांत आणि रफारांत गडबड होते.

युनिकोडच्या १९९१च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. तिची मांडणी भारतीय मानक ब्यूरोच्या ‘इस्की’ या संकेतावर आधारलेली आहे आणि १२८ जागांचा एक पट्टा तिला दिलेला आहे. त्या पट्ट्यात ‘रो’ ही एक जागा नसते. ‘र’ वेगळा, ओकाराची मात्रा वेगळी. म्हणजे ‘रोहा’ हा आपल्या डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द संगणकाला चार संकेतांचा दिसतो. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणून साठवताना त्याचे १२ बाइट होतात. जावास्क्रिप्टला या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर ४ येतं. वरकरणी ही किरकोळ गोष्ट. पण ‘मजकुराची पहिली ५० अक्षरं दाखवा आणि पुढे तीन टिंबं द्या’ असा कोड लिहिला, की कुठेतरी ‘अलिबाग’चं ‘अलिब’ होतं किंवा शेवटी लोंबता हलन्त राहतो. कापाकापी करायचीच असेल तर ब्राउझरमध्ये आता इंटल-सेगमेंटर नावाची सोय आहे. ती माणसाच्या नजरेतल्या अक्षरांप्रमाणे मोजते.

पानाच्या वरच्या भागात मेटा चारसेट यूटीएफ-८ लिहायचं आणि ते फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटांत यायला हवं. डेटाबेसही त्याच पद्धतीत ठेवायचा. मायएसक्यूएल असेल तर यूटीएफ-८-एमबी-४ हा पर्याय निवडायचा. नुसत्या ‘यूटीएफ-८’ नावाच्या तिथल्या जुन्या पर्यायात संकेताला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरी त्यात मावते, पण कोणी अभिप्रायात इमोजी टाकला की घोटाळा होतो. कुठेतरी एक कडी निसटली, तर ‘म’च्या जागी तीन चिन्हं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, चलनाचं एक चमत्कारिक चिन्ह आणि वर्तुळातला आर. असं दिसलं की डेटा बहुधा शाबूत असतो. यूटीएफ-८चे बाइट कोणीतरी जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचतं आहे एवढंच.

यानंतरची गोष्ट एका ओळीची, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा विसरली जाते. एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये ‘लँग’ लिहून पानाची भाषा सांगायची. मराठीला एमआर, हिब्रूला एचई, इंग्रजीला ईएन. देवनागरी दिसली म्हणजे मराठी, असं ब्राउझरने समजून घ्यावं अशी अपेक्षा धरता येत नाही. त्याच लिपीत हिंदी, नेपाळी, कोकणी, संस्कृतही आहेत. कोकणी तर देवनागरीत, रोमीत आणि कन्नड लिपीतही लिहिली जाते, तिथे भाषेच्या संकेतापुढे लिपीचाही संकेत जोडतात. भाषा नीट सांगितली की पडदा-वाचक, म्हणजे अंध व्यक्तींना मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, योग्य आवाज निवडतो. आणि मराठी माणसाला लगेच जाणवेल अशी एक गोष्ट होते: फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. पाकळीचा ल आणि देठाचा श. एकाच फॉन्टात हिंदीसाठी दंडाचा ल आणि मराठीसाठी पाकळीचा ल ठेवता येतो; कोणता काढायचा ते लँगवरून ठरतं. कित्येक मराठी साइटवर हिंदी वळणाचा ल दिसतो, त्याचं कारण बरेचदा एवढंच असतं की लँगमध्ये इंग्रजीचा संकेत तसाच राहून गेलेला असतो.

आता पत्ते. तीन भाषांची पानं तीन वेगळ्या पत्त्यांवर असायला हवीत. सोपा मार्ग म्हणजे एकाच डोमेनखाली एमआर, एचई, ईएन असे तीन फोल्डर. विकिपीडिया प्रत्येक भाषेला उपडोमेन देतो. ते मोठ्या पसाऱ्याला ठीक, पण नवशिक्याने फोल्डरवरच राहावं. एकाच पत्त्यावर कधी मराठी, कधी हिब्रू दाखवण्याचा मोह टाळावा. शोधयंत्राचा रोबो येतो तेव्हा सहसा भाषेची पसंती सांगतच नाही. त्याला एकच भाषा दिसेल आणि बाकीच्या दोन जणू अस्तित्वातच नाहीत. पत्ते वेगळे केले की प्रत्येक पानात ‘एचरेफलँग’ या खुणेने बाकीच्या दोन भाषांतल्या त्याच पानाचे पत्ते द्यायचे आणि स्वतःचाही द्यायचा. ही खूण परस्पर असावी लागते. मराठी पान हिब्रूकडे बोट दाखवतं आणि हिब्रू पान मात्र मराठीचं नाव घेत नाही, असं झालं तर गूगल ती जोडी सोडून देऊ शकतो.

पाहुणा कुठल्या देशातून आला ते बघून आपोआप भाषा बदलणं अनेकांना हुशारीचं वाटतं. आपल्या साइटवर काय होईल बघा. दिमोनातल्या आजीबाई पान उघडतील तर त्यांना हिब्रू मिळेल, आणि आडनावाचं गाव शोधत अलिबागला आलेल्या त्यांच्या नातवाने इथलं सिमकार्ड घातलं की त्याला मराठी. दोघांनाही नेमकी नको ती भाषा. माणूस कुठे आहे यावरून तो काय वाचतो हे ठरत नाही, आणि स्थलांतरित समाजाच्या बाबतीत तर मुळीच नाही. ब्राउझर आपल्या मालकाच्या पसंतीच्या भाषांची यादी सर्व्हरला पाठवत असतो. तिचा उपयोग फार तर ‘हे पान मराठीतही आहे’ एवढी सूचना द्यायला करावा; निवड वाचणाऱ्याची आणि ती लक्षात ठेवायची. भाषा निवडायच्या बटणावर झेंडे लावू नयेत. मराठीला कोणता लावणार? भाषेचं नाव त्या त्या भाषेत, त्या त्या लिपीत लिहावं, म्हणजे चुकून हिब्रू पानावर पोचलेल्या माणसाला ‘मराठी’ हा शब्द दिसतो आणि तो परत येतो.

पत्त्यात देवनागरी लिहावी का? लिहिता येते. ‘.भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४पासून मिळतं आहे आणि फोल्डरचं नावही ‘रोहा’ ठेवता येतं. पण पत्ता कॉपी करून कुठे चिकटवला की प्रत्येक बाइटचं टक्केचिन्हासकट तीन चिन्हांत रूपांतर होतं. ‘रोहा’चे १२ बाइट, म्हणजे ३६ चिन्हं. गावाच्या नावाला एवढं, तर लेखाच्या शीर्षकाचा पत्ता व्हॉट्सअॅपवर पाच-सहा ओळी भरतो आणि लोकांना तो फसवा दुवा वाटतो. म्हणून पान मराठी असलं तरी पत्ता रोमन लिपीत, लहान आणि ओळखता येईल असा ठेवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. भाषाभिमानी मित्र याबद्दल बोलतील, बोलू द्यावं.

आता मुख्य अडचणीकडे. प्रत्येक गावाच्या पानावर ‘रोह्यातील फोटो’, ‘पेणमधील फोटो’ असं शीर्षक हवं आहे. नवशिका डेव्हलपर काय करतो? इंग्रजीत विचार केलेला असतो, म्हणून तो एक साचा बनवतो: अमुक शब्द, त्यापुढे गावाचं नाव. मराठीसाठी तो उलटा करतो: गावाचं नाव, त्यापुढे ‘मधील’. पेणला चाललं, अलिबागलाही चाललं. मग येतं ‘रोहामधील फोटो’ आणि ‘रेवदंडामधील फोटो’. मराठी वाचणारा तिथेच ओळखतो की हे यंत्राने जुळवलेलं आहे. विभक्तीचा प्रत्यय लागण्याआधी नावाचं सामान्यरूप होतं: रोहा-रोह्यात, रेवदंडा-रेवदंड्यात, ठाणे-ठाण्यात, नागपूर-नागपुरात. शाळेत शिकलेलं हे व्याकरण कोडमध्ये कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

यावर दोन उपाय. एक म्हणजे वाक्यच असं घडवायचं की नावाला प्रत्यय लागू नये: ‘फोटो: रोहा’. कोरडं दिसतं, पण चुकत नाही, आणि शंभर गावांची यादी असेल तर हाच बरा. दुसरा उपाय डेटात हात घालण्याचा: गावाच्या नोंदीत नाव साठवताना त्याच्या शेजारी ‘रोह्यात’, ‘रोह्याचा’ ही रूपंही साठवायची. वीस-पंचवीस गावं असतील तर एका दुपारचं काम आहे, आणि पानं वाचताना जो फरक पडतो तो त्या दुपारपेक्षा कितीतरी मोठा आहे.

इथे आधी म्हटलेली गोष्ट स्पष्ट होते. भाषांतरकाराच्या हाती ‘इन’ एवढाच तुटका शब्द दिला, तर जगातला उत्तम भाषांतरकारही ‘रोह्यात’ आणू शकणार नाही. चूक कोडात गोठलेली असते. म्हणून नियम असा की वाक्याचे तुकडे कोडात जोडायचे नाहीत. भाषांतराच्या फाइलमध्ये पूर्ण वाक्य ठेवायचं, त्यात बदलत्या गोष्टींसाठी जागा मोकळी सोडायची आणि ती जागा कुठे येईल हे प्रत्येक भाषेला ठरवू द्यायचं. गेटटेक्स्ट ही जुनी पद्धत असो किंवा जेसन फाइलांवर चालणारी एखादी नवी लायब्ररी, तत्त्व हेच. आणि प्रत्येक वाक्याशेजारी ते कुठे दिसतं याची टीप लिहायची. ‘बुक’ असं नुसतं लिहून पाठवलंत, तर खोली आरक्षित करायच्या बटणावर ‘पुस्तक’ येईल, आणि दोष भाषांतरकाराचा नसेल.

संख्येचंही तसंच. ‘एक असेल तर फोटो, नाहीतर फोटोज’ अशी अट थेट कोडात लिहिली की हिब्रूचं अडतं, कारण युनिकोडच्या सीएलडीआर या भाषानियमांच्या संग्रहात हिब्रूसाठी एक, दोन आणि इतर असे तीन प्रकार दिलेले आहेत. संस्कृतातलं द्विवचन शाळेत पाठ केलेल्यांना याचं नवल वाटणार नाही. अरबीत सहा प्रकार आहेत, जपानीत एकच. हे नियम लायब्ररीला ठाऊक असतात. तुम्ही फक्त अट स्वतः लिहायची नाही आणि प्रत्येक प्रकारासाठी पूर्ण वाक्य द्यायचं. मराठीत ‘३ फोटो सापडले’ आणि ‘३ चित्रं सापडली’ यांतला क्रियापदाचा फरकही पूर्ण वाक्य हाती असेल तरच सांभाळता येतो.

आकडे कोणत्या लिपीत दिसावेत? जावास्क्रिप्टला ‘मराठी पद्धतीने लिही’ म्हटलं तर तो आपणहून १,२३,४५६ असे देवनागरी अंक आणि लाख-हजाराचे स्वल्पविराम देतो. हिंदीला तसं म्हटलं तर स्वल्पविराम तसेच, पण अंक मात्र इंग्रजी वळणाचे येतात. सीएलडीआरमध्ये दोन्ही भाषांची पूर्वनिवड वेगळी ठेवलेली आहे. मराठी पानावर देवनागरी अंक शोभतात. अडचण उलट्या दिशेने येते. फॉर्ममध्ये कोणी फोन नंबर देवनागरीत टाकला, तर पायथनला तो आकडा म्हणून कळतो, जावास्क्रिप्टचं पार्सइंट मात्र ‘हा आकडाच नव्हे’ असं उत्तर देतं. मराठी कीबोर्ड वापरणारा माणूस असा नंबर टाकणारच. त्याला लाल अक्षरांत ‘अवैध क्रमांक’ म्हणून हटकण्याऐवजी आलेले अंक आतल्या आत बदलून घ्यावेत. तारखांसाठी ब्राउझरमध्ये हिब्रू पंचांग तयार मिळतं, भारताचं राष्ट्रीय शक पंचांगही मिळतं. तिथी मात्र मिळत नाही, ती हातानेच लिहावी लागते.

शोधाची पेटी ठेवणार असाल तर मराठीची एक खास खोच आहे. ‘दऱ्या’मधलं अर्धं र दोन तऱ्हांनी टंकता येतं: खालच्या टिंबाच्या ऱ पुढे हलन्त देऊन, किंवा साध्या र आणि हलन्तापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, आत संकेत वेगळे असतात. ‘ॲ’चंही तेच, तो एक स्वतंत्र संकेतही आहे आणि अ-वर अर्धचंद्र देऊनही लिहिता येतो. युनिकोडची प्रमाणीकरणाची जी तयार सोय आहे, ती या जोड्यांना एक मानत नाही. त्यामुळे शब्द साइटवर असूनही ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर येतं आणि वापरणाऱ्याला वाटतं, माहितीच नाही. मजकूर साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा अशा जोड्या स्वतः एकसारख्या करून घ्याव्या लागतात. आडनावांची यादी लावतानाही लक्ष ठेवायचं: नुसत्या संकेतांच्या क्रमाने लावली तर ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर आहे.

दिसण्याबद्दल थोडक्यात. देवनागरीला वर मात्रा, खाली उकार, म्हणून दोन ओळींतलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त द्यावं. अक्षरांमधलं अंतर वाढवण्याची सीएसएसमधली सोय वापरू नये, शिरोरेषा तुटते. बटणांची रुंदी ठरावीक ठेवू नये.

हिब्रूसाठी मात्र थांबायला हवं. पानाच्या पहिल्या टॅगमध्ये दिशा उजवीकडून डावीकडे अशी सांगितली की बराचसा पसारा आपोआप आरशातल्यासारखा उलटतो, पण तुम्ही सीएसएसमध्ये ‘डावीकडे २० पिक्सेल’ असं लिहिलं असेल तेवढा भाग उलटत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून डावं-उजवं न म्हणता ‘सुरुवातीची बाजू’ आणि ‘शेवटची बाजू’ असं लिहायची सवय लावावी. मार्जिन-इनलाइन-स्टार्ट वगैरे गुणधर्म त्यासाठीच आहेत. पुढे जाण्याचा बाण उलटायचा, घड्याळाचं चित्र नाही. अंक हिब्रूतही डावीकडून उजवीकडेच लिहितात, आणि खरा गोंधळ तिथेच होतो. किल्ली सांभाळणाऱ्याचा नंबर अधिकचिन्ह, ९१ आणि मध्ये जागा सोडून लिहिला, तर हिब्रू ओळीत अधिकचिन्ह पलीकडच्या टोकाला जातं आणि गटांचा क्रम उलटतो; शेवटचे पाच अंक आधी, पहिले पाच नंतर. नंबर खरा, पण तो बघून लावणाऱ्याचा फोन भलत्याच्या घरी वाजेल. नंबराभोवती डावीकडून उजवीकडे अशी दिशा सांगणारा टॅग घातला की काम झालं. हिब्रू वाक्यात मराठी गावाचं नाव जसंच्या तसं येतं तिथे ‘बीडीआय’ हा टॅग वापरतात. त्याने आतल्या मजकुराची दिशा बाहेरच्या वाक्याला बिघडवत नाही.

सगळं झाल्यावरही एक प्रश्न उरतो: मराठीत चाळीस पानं तयार आहेत आणि हिब्रूत बाराच. उरलेल्या पानांवर यंत्राचं भाषांतर न वाचता चढवू नये, विशेषतः जिथे माणसांची आणि गावांची नावं आहेत. हिब्रूत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे गावाचं नाव कसं लिहायचं हे त्या घरातल्या कोणाला तरी विचारूनच ठरवावं लागतं. भाषांतर नसेल त्या पानावर हिब्रूत तसं सांगावं, इंग्रजी पानाचा दुवा द्यावा आणि एचरेफलँगमध्ये नसलेल्या पानाचा पत्ता देऊ नये. मेनू हिब्रू, मजकूर इंग्रजी आणि तळटीप मराठी अशी खिचडी तर कधीच नको. बारा पूर्ण पानांची हिब्रू साइट चालते. तेरावं पान ज्या दिवशी तयार होईल, त्या दिवशी ते यादीत जोडावं.